इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, तरी व्हायोलिनचा धडा तुटतो. पिंग, जिटर, नॅट, डीएनएस यांतलं माझं दुखणं कोणतं?

गज_आणि_तार

नमस्कार. मी व्हायोलिन शिकवते. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी सात ते नऊ, व्हिडिओ कॉलवर. दोन महिन्यांपासून धडा नीट होत नाहीये. विद्यार्थिनी लांब स्वर धरते आणि तो मध्येच कात्रीने कापल्यासारखा होतो. कधी चित्र थिजतं आणि मग दोन-तीन सेकंदांचं वादन घाईघाईने एकदम कानावर येतं. काल एकीने तोच तुकडा पाच वेळा वाजवला. पाचही वेळा तिचा गंधार मला पुरता ऐकू आला नाही. तो चढा लागतोय की उतरलेला, हे मी तिला सांगू शकले नाही. माझं काम तेवढंच असतं आणि तेच होत नाही.

आधी ५० एमबीपीएसची जोडणी होती. कंपनीने सुचवलं म्हणून २०० ची घेतली. स्पीड टेस्टचा आकडा वाढला, धडा तसाच तुटतो. पुन्हा फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलत होता, पण पाच मिनिटांत त्याने इतके नवे शब्द वापरले की मी कागद-पेन घेतलं. कागदावर असं आहे: पिंग जास्त. जिटर आहे. पॅकेट लॉस असू शकेल. डीएनएस बदला. गेटवेला पिंग करून बघा. तुम्ही नॅटच्या मागे आहात. आयपी बदलत राहतो. शेवटी म्हणाला, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. ते मी रोजच करते.

मला या शब्दांचे अर्थ हवे आहेत, आणि त्यांतला कोणता माझ्या घरात बिघडलाय ते कसं ओळखायचं हेही. अजून एक. माझी एक विद्यार्थिनी साडेसहा हजार किलोमीटरवर राहते. तिच्याबरोबर एकाच वेळी वाजवावं अशी फार इच्छा आहे. आम्ही प्रयत्न केला की मला ती मागे पडलेली ऐकू येते. ती म्हणते, बाई, तुम्ही मागे पडताय. असं कसं?


केबलकाम

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुम्हाला ती मागे वाटते, तिला तुम्ही, आणि दोघींचेही कान बरोबर आहेत. तुमचा स्वर तिच्यापर्यंत जायला वेळ लागतो, तिचा तुमच्यापर्यंत यायलाही लागतो. या वेळेला लेटन्सी म्हणतात. तुम्ही जास्तीचे पैसे भरून वाढवलीत ती बँडविड्थ. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक वाढवली म्हणून दुसरी सुधारत नाही.

मी सतरा वर्षं नेटवर्कचं काम करतोय. सुरुवात छताच्या पोकळीत केबल ओढण्यापासून झाली, आता मोठ्या इमारतींची पूर्ण जोडणी बघतो. 'नेट स्लो आहे' या एका तक्रारीखाली निदान पाच वेगळी दुखणी असतात, आणि सगळ्यांवर मोठा प्लॅन हे एकच औषध विकलं जातं. मला याचा मनापासून राग येतो. तुमच्यासारखी माणसं पैसे भरतात आणि दुखणं जागच्या जागी राहतं.

बँडविड्थ म्हणजे एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते ते. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २० कोटी बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरवताना सेकंदाला २५ मेगाबाइटच्या वर आकडा जाणार नाही. तिथे कुणी फसवलेलं नसतं, मापं वेगळी असतात. तुमच्या व्हिडिओ कॉलला एका दिशेला २ ते ४ एमबीपीएस पुरतात. म्हणजे आधीची ५० ची जोडणीच गरजेच्या दहापट होती. रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही.

लेटन्सीला मात्र निसर्गाची मर्यादा आहे. प्रकाश पोकळीतून सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, काचेच्या तंतूतून साधारण २ लाख. साडेसहा हजार किलोमीटरला एका दिशेने ३२ मिलिसेकंद, जाऊन येऊन ६५. तेही केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तर, आणि ती तशी कधीच नसते. भूस्थिर उपग्रहावरून जोडणी घेतली तर आणखी वाईट. तो ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तर वर जाऊन खाली येणार, यातच जवळजवळ अर्धा सेकंद म्हणा, ४७५ मिलिसेकंदांच्या वर जातात. तिथे कितीही एमबीपीएस घ्या, तो उशीर कमी होत नाही.

पिंग म्हणजे हा वेळ मोजायची रीत. छोटासा निरोप पाठवायचा, पलीकडच्याने तो लगेच परत करायचा, आणि मधे किती वेळ गेला ते बघायचं. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारचा जो आवाज असतो त्यावरून नाव दिलं. तुम्ही सुरांतल्या आहात म्हणून सांगितलं. तर 'पिंग जास्त' म्हणजे परतफेरीचा वेळ जास्त. पण कुठपर्यंतची फेरी, ते सांगितल्याशिवाय त्या वाक्यातून काहीच कळत नाही. त्या मुलाने ते सांगायला हवं होतं.

आता पॅकेट. तुमचा लांब स्वर नेटवरून सलग जात नाही. त्याचे तुकडे होतात, बहुतेक ॲपमध्ये २० मिलिसेकंदांचा एक, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक लिहून तो सुटा सोडतात. तेच पॅकेट.

जिटर तुम्हाला लयीतच सांगता येईल. सगळी पॅकेटं ८० मिलिसेकंद उशिरा आली, पण एका लयीत आली, तर ऐकणाऱ्याला स्वर सलगच लागतो. एक ८० ला आलं, पुढचं ८५ ला, त्याच्या पुढचं एकदम ३०० ला, की लय मोडली. हे मागेपुढे होणं म्हणजे जिटर. ॲप त्यावर उपाय म्हणून थोडी पॅकेटं हाताशी साठवून मगच वाजवतं. साठा संपला तर खंड पडतो. मग उशिरा आलेली पॅकेटं एकदम हातात पडली की ॲप मागे पडलेलं अंतर भरून काढायला ती भराभर वाजवतं. तुम्ही लिहिलेलं घाईघाईचं वादन हेच आहे. जी पॅकेटं पोचतच नाहीत तो पॅकेट लॉस.

हरवलेलं पॅकेट परत का मागवत नाहीत, असं तुम्ही विचाराल. मागवण्याची पद्धत आहे, तिचं नाव टीसीपी. पत्र, फाइल, वेबपान यांना तीच लागते, कारण तिथे एक अक्षर गळूनही चालत नाही. पण चालू वादनात हुकलेला स्वर अर्ध्या सेकंदाने आणून काय करणार? तोवर पुढची मात्रा येऊन गेलेली असते. म्हणून कॉलवाली ॲपं शक्यतो यूडीपी वापरतात: सोडून द्यायचं आणि पुढे जायचं. मैफलीत चुकलेल्या जागेवर परत येऊन ती दुरुस्त करत नाहीत, तसंच.

आयपी पत्ता म्हणजे पॅकेट कुठे पोचवायचं त्याचा आकड्यांतला पत्ता. जुन्या पद्धतीत तो ३२ बिटांचा, त्यामुळे जगात मिळून जास्तीत जास्त ४२९ कोटी पत्ते. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. १२८ बिटांची नवी पद्धत, आयपीव्ही६, आली आहे, पण जुनी अजून सुटलेली नाही. म्हणून काटकसर करावी लागते आणि ती काटकसर म्हणजे नॅट. घरातल्या सगळ्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे आतले पत्ते, बाहेर जाताना सगळ्यांना मिळून एकच. कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं याची नोंद राउटर ठेवतो. 'तुम्ही नॅटच्या मागे आहात' हे जवळपास प्रत्येक घराबद्दल खरं आहे, त्यामुळे ते तुमचं निदान होऊ शकत नाही. बाहेरचा पत्ता अधूनमधून बदलतो, त्यानेही धड्याला काही होत नाही. हे दोन शब्द कागदावर खोडून टाका.

गेटवे मात्र नीट समजून घ्या, तपासाची किल्ली तिथे आहे. गेटवे म्हणजे घराबाहेर पडायचं दार, तुमच्याकडे तुमचा राउटरच. लॅपटॉपपासून गेटवेपर्यंतचा रस्ता तुमच्या घरातला, त्यापुढचा कंपनीचा.

आता हे करा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग लिहून एंटर दाबा. डिफॉल्ट गेटवेसमोर जो पत्ता दिसेल, समजा १९२.१६८.१.१, त्याला पिंग करा: इंग्रजीत पिंग, मग एक जागा सोडून तो पत्ता. पत्त्यानंतर एक जागा सोडून उणे चिन्ह आणि टी लिहिलंत की पिंग थांबत नाही. दुसऱ्या खिडकीत १.१.१.१ ला तसंच पिंग करा, तो बाहेरचा एक सार्वजनिक सर्व्हर आहे. दोन्ही खिडक्या धड्याच्याच वेळेला, संध्याकाळी चालवा. सकाळचे आकडे नकोत. मग कंट्रोल आणि सी दाबलं की कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी आणि हरवलेली पॅकेटं दिसतील. हे एकदा वाय-फायवर करा आणि एकदा राउटरला केबल लावून. आकडे इथे टाका, अंदाजाने औषध द्यायचं नाही.


निळा_दिवा

माझ्याकडे असाच त्रास होता. डीएनएस बदलून गूगलचं ८.८.८.८ केलं आणि पानं पटापट उघडायला लागली. दोन मिनिटांचं काम आहे, ताईंनी आधी ते करून बघावं. एवढ्या चाचण्यांची गरज नाही.


केबलकाम

तुमचा फायदा खरा असणार, पण तो पानं उघडण्यातला आहे. ताईंचा त्रास कॉल जोडून झाल्यानंतरचा आहे, म्हणून मी डीएनएसला हात लावायला सांगितलं नाही.

डीएनएसचं काम नावाचा आयपी पत्ता काढून देण्याचं. आधी जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फायलीत होती. ती फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीच्यांनी तिची प्रत उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही रीत मोडायला लागली. मग पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसचा आराखडा मांडला. त्यात संपूर्ण यादी कुणाकडेच नसते. मुळाशी असलेला सर्व्हर एवढंच सांगतो की डॉट कॉमची माहिती अमक्याकडे मिळेल. तो अमका सांगतो, या विशिष्ट नावाची माहिती तमक्याकडे. शेवटी तो तमका पत्ता देतो. मला आजही ही रचना फार सुंदर वाटते. कुणालाच सगळं माहीत नाही, प्रत्येकाला पुढे कुणाला विचारायचं तेवढं माहीत आहे, आणि एवढ्यावर जग चालतंय.

ही विचारपूस आधी होते. पत्ता हातात आला की डीएनएस बाजूला झाला, आणि मिळालेला पत्ता काही काळ जपूनही ठेवला जातो. त्यामुळे डीएनएस संथ असेल तर कॉल लागायला वेळ लागेल, लागलेला कॉल तुटणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे. १.१.१.१ ला पिंग लागतो, पण कुठलंही पान नावाने उघडत नाही, तर डीएनएसवर संशय घ्या.


माइकसमोर

मी ध्वनिमुद्रणाचं काम करते. नेटवर्कबद्दल वरच्या दादांनी लिहिलंय त्यात मला भर घालायची नाही, पण ताईंचं एक वाक्य वाचून राहवलं नाही: लांब स्वर मध्येच कापला जातो. यातला काही भाग नेटचा नसणार.

कॉलची ॲपं बोलण्यासाठी बनवलेली असतात. बोलणं सतत बदलतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो ॲपला पंखा किंवा यंत्राची घरघर वाटते आणि ते तो दाबतं. लांब, स्थिर धरलेला व्हायोलिनचा स्वर त्याच्या हिशेबात नेमका तसाच असतो. विद्यार्थिनी जितका चांगला धरेल तितका तो दाबला जाण्याचा संभव जास्त. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मुलं मग आपला गज कमी पडतोय समजून जोर लावायला लागतात.

विद्यार्थ्यांच्या बाजूला ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन नॉइज सप्रेशन बंद करायला सांगा. झूममध्ये संगीतासाठी मूळ आवाज तसाच पाठवायचा पर्याय आहे, तो त्यांनी चालू करावा. तो चालू करताना कानाला हेडफोन लावाच, नाहीतर तुमचा आवाज त्यांच्या स्पीकरमधून परत माइकमध्ये जाईल. हेडफोन तारेचा हवा. ब्लूटूथ आणखी १०० ते २०० मिलिसेकंद सहज घालतो, म्हणजे साडेसहा हजार किलोमीटरच्या परतफेरीपेक्षा तुमच्या टेबलावरच जास्त उशीर.

ओळखायचं असं: फक्त लांब स्वर दबतो आणि बोलणं स्वच्छ ऐकू येतं, तर ते ॲपचं काम. बोलणं आणि चित्र दोन्ही अडखळतं, तर नेट.


गज_आणि_तार

माइकसमोर ताई, तुमचं अगदी खरं निघालं. एकीला सेटिंग बदलायला लावलं आणि तिचा स्वर शेवटपर्यंत आला. म्हणजे माझी दोन दुखणी मी एकच समजत होते. अडखळणं मात्र आहेच.

दादा, आकडे देते. दोन संध्याकाळी बसून लिहून काढले.

वाय-फायवर गेटवेला: कमीत कमी २, जास्तीत जास्त २१४, सरासरी ३१. तीनशेतली दोन हरवली. १.१.१.१ ला: कमीत कमी १५, जास्तीत जास्त २३८.

केबल लावून गेटवेला: सगळे १ पेक्षा कमी. १.१.१.१ ला: १४, १४, १५, १४, अगदी ठेक्यात. मला बरं वाटलं. पण साडेसातच्या सुमाराला तेच आकडे ३९०, ४१०, ४३५ झाले आणि पंधरा-वीस मिनिटं तसेच राहिले. हरवलेलं एकही नाही. त्या वेळी गेटवेचा पिंग १ पेक्षा कमीच होता. मग आपोआप परत १४. दुसऱ्या दिवशीही साडेसातलाच.

केबल लावून स्पीड टेस्ट ९४ आली. वाय-फायवर १६० येते. केबलवर कमी का?


केबलकाम

ताई, इतके व्यवस्थित आकडे मला व्यावसायिक लोकही देत नाहीत. तुमच्याकडे तीन बिघाड आहेत आणि तिन्ही घरातच आहेत.

पहिला, वाय-फाय. गेटवे म्हणजे शेजारच्या खोलीतला राउटर, आणि तिथपर्यंतची फेरी कधी २, कधी २१४. केबलवर तोच रस्ता १ च्या आत. म्हणजे कंपनीच्या तारेचा यात काही दोष नाही. वाय-फायवर एका चॅनलला एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक यंत्र आधी ऐकतं, हवा मोकळी असेल तरच बोलतं. शेजाऱ्यांची यंत्रं त्याच चॅनलवर असली तर त्यांच्यासाठीही थांबावं लागतं, आणि संध्याकाळी सगळे घरी असतात. दोघं एकदम बोलले की पॅकेट खराब होतं आणि वाय-फाय ते स्वतःच पुन्हा पाठवतं, लागलं तर अनेकदा. म्हणून तुमच्याकडे हरवलेली फक्त दोन दिसतात, पण उशीर २१४ पर्यंत जातो. पॅकेट पोचतं, पण लय गेलेली असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल बहुतेक ठिकाणी तीनच धरतात: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त आहे, पण ती लहर भिंतीतून कमी पोचते. धड्यासाठी मी तुम्हाला केबलच सांगेन. बाकीच्या घराला वाय-फाय राहू द्या.

दुसरा बिघाड साडेसातचा. मला वाटतं त्या वेळी कुणीतरी घरी येतं आणि त्याचा फोन वाय-फायला जोडला गेला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला लागतो. असं का म्हणतो ते बघा. गेटवे ठणठणीत आहे, पुढे काही हरवत नाही, फक्त उशीर जवळजवळ ठरावीक ४०० ने वाढतो आणि मग एकदम उतरतो. ही रांग आहे. तुमचा प्लॅन खाली उतरवायला २०० चा असला तरी वर चढवायला बराच कमी असतो, कागद बघा, समजा २०. फोन हवी तितकी माहिती राउटरवर ओततो आणि राउटर काही टाकून न देता सगळी साठवत राहतो. १ मेगाबाइटचा साठा भरला तर ८० लाख बिट झाले. सेकंदाला २ कोटीच्या वेगाने तो रिकामा व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात. तुमच्या व्हायोलिनचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. २०१० च्या सुमाराला जिम गेटिस यांनी घरच्याच जोडणीवर ते शोधलं आणि त्याबद्दल सगळ्यांना ओरडून सांगितलं. साठा मोठा केला की पॅकेटं वाचतील असं यंत्रं बनवणाऱ्यांना वाटत होतं, आणि त्याच चांगल्या हेतूने उशीर वाढवला.

उपाय सोपा. फोनचा बॅकअप रात्री होऊ द्या. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू असं काही असेल तर ते चालू करा आणि वर चढवण्याची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. मग रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि तो लहान पॅकेटांना पुढे सोडतो. प्लॅन मोठा केला तर फोन तेवढंच जास्त वेगाने ओतेल.

तिसरा, ९४. हा आकडा मी लांबून ओळखतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून पॅकेटांवरचे पत्ते वगैरे वजा जाता साधारण ९४ च हाती लागतात. म्हणजे तुमच्या केबलने लॅपटॉप आणि राउटरला १०० वर अडवलंय. १००० ला चारही जोड्या लागतात, आठ तारा. १०० दोन जोड्यांवर चालतं. केबलच्या टोकाचं प्लास्टिक पारदर्शक असतं. उजेडात धरून आतल्या रंगीत तारा मोजा. धड्याला ९४ भरपूर आहे, घाई नाही, पण मोजा.

आणि एकत्र वाजवण्याबद्दल. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरला थोडा कमी. मोठ्या मंचावर दोन टोकांना बसलेले वादक एवढा उशीर रोज सहन करतात. एका दिशेला २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की दोघंही एकमेकांची वाट बघत लय उतरवायला लागतात. साडेसहा हजार किलोमीटरला नुसता प्रकाशच ३२ घेतो, वर माइक, ॲप आणि साठवण. तिच्याबरोबर ते जमणार नाही, हे मी तुम्हाला आशा न लावता सांगतो. जवळच्या विद्यार्थ्याबरोबर मात्र शक्य आहे. जॅकट्रिप आणि जॅम्युलस ही सॉफ्टवेअरं याच कामासाठी बनलीत. चित्र सोडून देतात, फक्त आवाज, अगदी थोड्या साठवणीवर. दोन्हीकडे केबल हवी, दोन्हीकडे तारेचा हेडफोन.


गज_आणि_तार

साडेसातला मुलगा सरावाहून येतो. त्याच्या फोनवर खेळाचे व्हिडिओ असतात, रोजचे. बॅकअप आता रात्री अकराला लावलाय. काल पूर्ण दोन तास केबलवर शिकवलं, बाजूला पिंगची खिडकी उघडी ठेवली होती. १४, १५, १४, एकदा १९. परवाचा तो तुकडा तिने पुन्हा वाजवला. गंधार किंचित उतरलेला होता. सांगितल्यावर तिसऱ्या खेपेला जागेवर आला.

वर चढवण्याचा वेग प्लॅनच्या कागदावर २० च लिहिलाय. केबलच्या टोकात तारा मोजल्या. चारच आहेत. व्हायोलिनला पुरतात, इथे पुरत नाहीत. आठवाली मागवली आहे.

दूरच्या मुलीला सगळं समजावून सांगितलं. आता मी एक ओळ वाजवते, संपवते, ती ऐकून मग सुरू करते. एकत्र नाही, पण तिचा प्रत्येक स्वर मला पूर्ण ऐकू येतो. शनिवारी जवळच्या एका मुलाबरोबर जॅम्युलस लावून बघणार आहोत. त्याला त्याच्या केबलमधल्या तारा मोजून ठेवायला सांगितलंय.